दोन मीटर दोराचा इतिहास

समुद्राचा इतिहास सांगावयास कोणी उभा राहिला की श्रोते आरमाराची वाट पाहू लागतात. आंग्र्यांची गलबते, ट्रफाल्गारची लढाई, वाफेची जहाजे असे काहीतरी येणार अशी त्यांची अपेक्षा असते, आणि ती वाजवी आहे. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहो ती मात्र फार लहान आहे. दोन मीटर लांबीचा एक दोर, त्याच्या दोन टोकांना दोन आकडे, आणि माणसाच्या खांद्यांवरून व छातीभोवती घ्यावयाचा नवारीचा एक पट्टा. ह्या पट्ट्याला दर्यावर्दी लोक हार्नेस म्हणतात. दोराचे एक टोक ह्या पट्ट्यात, दुसरे बोटीत. लहान शिडाच्या बोटीवर वादळात काम करणारा माणूस पाण्यात जाऊ नये एवढाच त्याचा उपयोग. एवढ्याशा वस्तूला इतिहास तो काय असणार, असे पुण्यासारख्या कोरड्या गावात बसून वाटणे साहजिक आहे. आम्हांलाही आरंभी तसेच वाटले होते.

प्रथम थोडे गणित करू. तीस-चाळीस फुटांची शिडाची बोट चांगल्या वाऱ्यात ताशी सहा सागरी मैल वेगाने जाते. म्हणजे सेकंदाला तीन मीटरांहून थोडे अधिक. माणूस पाण्यात पडला, कोणीतरी ओरडले, सुकाणूवरच्या माणसाने मागे वळून पाहिले आणि शिडे आवरावयास आरंभ केला, ह्यात एक मिनिट सहज जाते. तेवढ्यात बोट १८५ मीटर पुढे गेलेली असते. पाण्यावर दिसते ते फक्त डोके, नारळाएवढे. लाटा तीन-चार मीटरांच्या असतील तर ते डोके बहुतेक वेळ लाटेआडच असते. शिडाची बोट मोटारीप्रमाणे जागच्या जागी वळत नाही. वाऱ्याच्या तोंडावर तर ती परत येता येता आणखी भरकटते. रात्र असेल, पाणी थंड असेल, तर पोहता येणाऱ्यालाही फारसा अवधी नसतो. थंड पाण्याचा पहिला धक्काच असा बसतो की माणूस अनावरपणे धापा टाकू लागतो, आणि त्या धापेबरोबर पाणी आत जाते. बोटीवर एकटाच माणूस असेल तर हे गणितही करावयाचे कारण उरत नाही. सुकाणू आपोआप धरणारे यंत्र लावलेले असते, आणि बोट आपल्या धन्याला मागे टाकून शांतपणे निघून जाते.

असे असता माणसाने स्वतःला बोटीशी बांधून घ्यावे ही गोष्ट सुचावयास इतका काळ का लागला? हाच आमच्या आजच्या विषयातला खरा प्रश्न आहे.

जुन्या मोठ्या शिडाच्या जहाजांवर डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशांना बांधण्याची रीत नव्हती. एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, अशी इंग्रज खलाशांत म्हण होती. तीवर सर्व भिस्त. वादळात डेकवर हाताने धरावयास दोर ताणीत. पण धरावयास दोर असणे वेगळे आणि दोराने माणसाला धरणे वेगळे. शिवाय पुष्कळ खलाशांना पोहता येत नसे. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. १८९५ ते १८९८ ह्या काळात त्याने ‘स्प्रे’ नावाच्या बोटीतून ही प्रदक्षिणा पुरी केली. त्यालाही पोहता येत नव्हते, आणि उरुग्वेच्या किनाऱ्यावर लहान होडी उलटून तो बुडता बुडता वाचला. १९०९ साली तोच स्लोकम त्याच बोटीतून निघाला तो पुन्हा दिसला नाही.

ह्या लोकांच्या मनात काय होते त्याची थोडी कल्पना आम्हांला हर्णैच्या बंदरात आली. तेथील एका वृद्ध तांडेलाला आम्ही हा हार्नेस चित्रात दाखविला आणि विचारले, “तांडेल, तुम्ही असे कधी बांधून घेतलेत काय?” तो हसला. “बांधतात गुरांना, गुरुजी,” तो म्हणाला. मग काही वेळाने, आम्ही न विचारताच, त्याने कमरेची सुरी दाखविली. जाळे सुटताना दोराच्या वेटोळ्यात पाय सापडला तर माणूस जाळ्याबरोबर खाली जातो. तेव्हा तो दोर तोडता आला पाहिजे. समुद्रावर दोर हा त्याचा मित्र नव्हता. आणखी थोड्या वेळाने तो म्हणाला की त्यांच्या वाडीतले दोघे रात्री बोटीवरून गेले ते पहाटेपर्यंत कोणाला कळलेच नाही. पहिल्या उत्तरात अभिमान होता, दुसऱ्यात अनुभव होता, आणि तिसरे उत्तर पहिल्या दोहोंच्या विरुद्ध जाणारे होते. युरोपातल्या दर्यावर्दींचा इतिहास वाचताना आम्हांला ही तिन्ही उत्तरे पुन्हा पुन्हा भेटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात आणि अमेरिकेत लहान बोटींतून महासागर ओलांडण्याची हौस वाढली. माणसे थोडी, बोट पाण्यापासून हातभर उंच, आणि प्रवास आठवड्यांचा. तेव्हा कमरेला दोर बांधून त्याचे टोक बोटीला बांधण्याची चाल पडू लागली. कमरेच्या दोराने बरगड्या मोडतात हे कळल्यावर छातीचा पट्टा आला, आणि मग खांद्यांवरचे पट्टे. ह्या पहिल्या काळातला विश्वास साधा होता. दोर आहे ना, मग माणूस वाचला.

त्या विश्वासाला पहिला मोठा तडा फेब्रुवारी १९५७ मध्ये दक्षिण महासागरात गेला. माइल्स स्मीटन हे ब्रिटिश हिंदी सैन्यातून निवृत्त झालेले अधिकारी. ते, त्यांची पत्नी बेरिल आणि जॉन गझवेल नावाचा तरुण अशी तिघे ‘त्झू हांग’ ह्या शेहेचाळीस फुटी बोटीतून मेलबर्नहून केप हॉर्नकडे चालली होती. बेरिल सुकाणूवर होत्या, दोराने बांधलेल्या. मागून आलेल्या एका प्रचंड लाटेने सबंध बोट शेपटाकडून उचलली आणि तोंडावर उलटी केली. बोट सरळ झाली तेव्हा डोलकाठ्या नव्हत्या, केबिनचे छप्पर फुटले होते, आत कमरेपर्यंत पाणी होते, आणि बेरिल बोटीवर नव्हत्या. त्यांना बांधणारा दोर तुटला होता. त्या जखमी अवस्थेत पोहत मोडक्या डोलकाठीच्या पसाऱ्यापर्यंत आल्या आणि दोघांनी त्यांना वर ओढले. पुढे गझवेलने फळ्या ठोकून भोके बुजविली व तिघे चिलीच्या किनाऱ्यास लागली. डोलकाठी मोडून पाण्यात लोंबत होती म्हणून बेरिल वाचल्या. दोराने वाचल्या नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे पतिपत्नी पुन्हा त्याच वाटेने निघाले, आणि बोट पुन्हा उलटली. अशा माणसांना काय म्हणावे हे श्रोत्यांनीच ठरवावे.

दोर का तुटतो ह्याचा विचार त्या काळी फारसा कोणी केला नव्हता. ढोबळ हिशेब असा मांडता येतो. पंचाहत्तर किलो वजनाचा माणूस दोन मीटर मोकळा पडला आणि न ताणणाऱ्या नवारीने त्याला पाव मीटरात थांबविले, तर दोरावर त्याच्या वजनाच्या सुमारे नऊपट, म्हणजे पावणेसातशे किलोंचा ताण सरासरीने येतो. बोट आडवी होते तेव्हा वरच्या कडेचा माणूस खालच्या कडेपर्यंत फेकला जातो. मग दोन मीटरांचे चार होतात. हा ताण एकट्या दोराने सोसून भागत नाही. पट्ट्याची शिवण, बक्कल, आकडा, आकडा ज्यात अडकविला ती कडी, ती कडी डेकवर धरून ठेवणारे बोल्ट, ह्या सर्वांनी तो सोसावा लागतो. बैलगाडीचा एरवी सर्व साज नवा असून एक शिवळ मोडली तर बैल सुटतो, तसे हे आहे.

आणि अभिमान तर होताच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडातील फॅलमथ सोडले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी ते परत आले. न थांबता, एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारे ते पहिले. त्यांची बत्तीस फुटी ‘सुहैली’ आमच्या मुंबईत, सागवानात बांधलेली, हे सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. बोट मंद चालली असता हे गृहस्थ पुढच्या टोकावरून समुद्रात उडी घेत, बोट शेजारून पुढे जाईपर्यंत पोहत, आणि मागे सोडलेला दोर पकडून वर येत. व्यायाम म्हणून! तो दोर एकदा हातातून निसटला असता तर जगाला ‘सुहैली’चे नाव निराळ्या कारणाने ठाऊक झाले असते. ह्याच परंपरेशी पुढे आपले नाते जुळले. गोव्यातील दिवाडी येथे बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी २००९-१० साली चार थांबे घेत एकट्याने प्रदक्षिणा केली, आणि अभिलाष टॉमी ह्यांनी २०१२-१३ साली तीच बोट कोठेही न थांबता फिरवून आणली.

फ्रान्समध्ये ह्या अभिमानाचे मूर्तिमंत रूप म्हणजे एरिक ताबार्ली. १९६४ साली आणि पुन्हा १९७६ साली अटलांटिक ओलांडण्याची एकट्याची शर्यत त्यांनी जिंकली. त्या देशात शिडाच्या खेळाला लोकप्रियता आणली ती मुख्यतः त्यांनी. हार्नेस घालणे त्यांना मानवत नसे. जून १९९८ मध्ये आपल्या ‘पेन द्युइक’ ह्या शंभर वर्षे पुऱ्या केलेल्या बोटीतून ते स्कॉटलंडला निघाले होते. १२ आणि १३ तारखेच्या मधल्या रात्री, वेल्सजवळच्या समुद्रात, शीड बदलताना शिडाची वरची काठी त्यांना लागली आणि ते पाण्यात गेले. बोटीवर आणखी माणसे होती. त्यांनी शोधले, पण ते सापडले नाहीत. पाच आठवड्यांनी एका मच्छीमार बोटीला त्यांचे शव मिळाले. वय सहासष्ट. समुद्राची इतकी जाण असलेला दुसरा माणूस त्या पिढीत काढणे कठीण. पण जाण असणे आणि बांधलेले असणे ह्यांतले अंतर समुद्राने त्या रात्री मोजून दाखविले.

आता आपण ह्या इतिहासाच्या मध्यावर येतो. दर दोन वर्षांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालण्याची शर्यत होते. ऑगस्ट १९७९ मध्ये तीत ३०३ बोटी निघाल्या. १३ तारखेच्या रात्री वादळ आले. चोवीस बोटी लोकांनी सोडून दिल्या, पाच बुडाल्या, आणि पंधरा स्पर्धक मेले. दोन संस्थांनी मिळून चौकशी केली आणि त्याच वर्षी अहवाल दिला. त्या अहवालाने जे दाखविले ते वाचून दर्यावर्दींच्या गोटात खळबळ उडाली: पंधरांपैकी सहा मृत्यू असे होते की माणसाने हार्नेस घातला होता, आकडा अडकविला होता, आणि पट्टा, दोर किंवा तो जेथे अडकविला ती जागा ह्यांपैकी कशाने तरी दगा दिला. निष्काळजीपणाने गेलेली ही माणसे नव्हती. सांगितलेले सर्व त्यांनी केले होते.

त्या रात्रीच्या एका बोटीची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. ‘ग्रिमाल्किन’ ही तीस फुटी बोट. सहा माणसे, त्यांत मालक आणि त्याचा सतरा वर्षांचा मुलगा. बोट एकामागून एक अशी अनेकदा आडवी झाली, आणि शेवटी पूर्ण उलटली. डोक्याला मार लागलेला मालक बोटीखाली अडकला होता; ज्या दोराने तो बांधला होता तोच दोर त्याला पाण्याखाली धरून होता. सोबत्यांनी दोर कापला. एवढ्यात बोट सरळ झाली, आणि दोर नसलेला तो माणूस वाहत गेला. मुलाच्या देखत. उरलेल्यांपैकी दोघे निश्चल लोंबत होते. ते मेले अशी समजूत होऊन मुलगा आणि आणखी दोघे रबरी तराफ्यात उतरले. ते वाचले.

पण लोंबणाऱ्यांपैकी निक वॉर्ड मेलेला नव्हता. तो शुद्धीवर आला तेव्हा पाण्यात होता, आणि दोर अजून त्याच्या छातीशी होता. त्या दोराच्या आधाराने तो बोटीवर चढला. दुसऱ्यालाही त्याने कष्टाने वर ओढून घेतले. तो सोबती थोड्या वेळाने वॉर्डच्या हातांत मेला. पुढचे कित्येक तास वॉर्ड पाण्याने भरलेल्या त्या मोडक्या बोटीवर प्रेताच्या सोबतीने, बादलीने पाणी उपसत राहिला. संध्याकाळी हेलिकॉप्टर आले. ह्या अनुभवावर त्याने पुस्तक लिहिले ते २००७ साली, अठ्ठावीस वर्षांनी.

एकाच बोटीवर, एकाच रात्री, एकाला दोराने धरून ठेवले म्हणून तो कापावा लागला, आणि दुसऱ्याला दोराने धरून ठेवले म्हणून तो जगला. सोबत्यांनी मालकाचा दोर कापला ह्यात त्यांची चूक होती असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. न कापता तर तो तेथेच गुदमरला असता.

फास्टनेटनंतर नियम कडक झाले. बोटीच्या कठड्याच्या तारेत आकडा अडकवू नये. डेकवर मागून पुढे नवारीची मजबूत पट्टी ताणावी आणि आकडा तीवरून सरकवीत चालावे, असे ठरले. केबिनच्या दारातून बाहेर पाऊल टाकण्यापूर्वीच आकडा लावता येईल अशी कडी दाराशी हवी. दोराची लांबी दोन मीटरांपेक्षा अधिक नसावी. पुढे आणखी एक सूक्ष्म सुधारणा झाली: दोराच्या शिवणीत एक खूण गुंतविलेली असते, आणि त्याला एकदा जबर हिसका बसला की शिवण उसवून ती खूण बाहेर दिसते. तो दोर मग टाकून द्यावयाचा. दिसावयास धड पण आतून थकलेला दोर ओळखण्याची ही युक्ती आम्हांला फार आवडली.

तरीही डिसेंबर १९९८ मध्ये, ताबार्लींच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, सिडनी ते होबार्टच्या शर्यतीत ‘ग्रिमाल्किन’चीच कोडी दोन बोटींवर वाटून पुन्हा समोर आली. ११५ बोटी निघाल्या, सहा माणसे गेली. ‘सोर्ड ऑफ ओरायन’ बोटीच्या सुकाणूवर ग्लिन चार्ल्स हा ब्रिटनचा ऑलिंपिक खेळाडू होता. बोट गडगडा लोळली, त्याचा दोर टिकला नाही आणि तो गेला. सोबत्यांना तो काही वेळ दिसत होता, पण डोलकाठी मोडलेल्या बोटीने त्याच्याकडे जाणे शक्य नव्हते. ‘बिझनेस पोस्ट नायड’ बोट उलटी होऊन काही मिनिटे तशीच राहिली. तिच्यावरचा एक खलाशी हार्नेसमुळे खाली अडकून बुडाला. एकाचा दोर तुटला, एकाचा तुटला नाही.

येथपर्यंत लोक दोराच्या मजबुतीचाच विचार करीत होते. हळूहळू दुसरा विचार पुढे आला, आणि आमच्या मते ह्या सबंध इतिहासातली महत्त्वाची पायरी तीच. दोन मीटरांचा दोर बोटीच्या कडेजवळ अडकविला तर माणूस बोटीला बांधलेला राहतो खरा, पण बोटीबाहेर, पाण्यात. सहा मैल वेगाने चाललेल्या बोटीने पाण्यातून ओढलेला माणूस तोंड वर काढू शकत नाही. २०११ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ एका शर्यतीच्या बोटीचा कप्तान असाच पडला. दोर पक्का होता, सोबती हाताच्या अंतरावर होते, आणि त्याला वर घेता येईपर्यंत तो बुडून गेला होता. भिजलेल्या कपड्यांतले माणसाचे वजन डुलणाऱ्या बोटीवर उचलणे दोघातिघांनाही जड जाते. तेव्हा दोराचे काम माणसाला बोटीशी जोडणे हे नसून त्याला बोटीच्या आतच ठेवणे हे होय, असे म्हणावयास लोक लागले. त्यासाठी दोर आखूड हवा. म्हणून आता एका पट्ट्याला दोन दोर असतात, एक दोन मीटरांचा आणि एक साधारण एक मीटरचा. आणि डेकवरची नवारही कडेने न घेता शक्य तेथे मधून घेतात. जेथे बसून काम करावयाचे तेथे आखूड दोर लावावयाचा. ह्यात काम अवघड होते, गुडघे फुटतात, दोर पायांत येतो. तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या खऱ्या आहेत.

तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट शिकावयाची राहिली होती. पृथ्वीप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत, केप टाउन ते ऑस्ट्रेलियातील फ्रीमॅंटल ह्या टप्प्यावर, पुढच्या भागात शीड उतरविताना साठ वर्षांचा एक हौशी खलाशी कडेवरून खाली गेला. तो निवृत्त वकील होता. ही शर्यत ‘सुहैली’वाल्या नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीच सुरू केलेली. दोर चांगला होता आणि आकडा नियमांत बसणारा होता. पण आकडा डेकवरच्या एका लोखंडी खुंटीखाली अडकला आणि ताण सरळ न येता आडवा आला. सरळ ताणाला जो आकडा टनभराहून अधिक भार सोसतो तो आडव्या ताणाला वाकला, त्याचे तोंड उघडले, आणि दोर सुटला. ब्रिटिश चौकशी मंडळाने दोन महिन्यांत, जानेवारी २०१८ मध्ये, सर्व दर्यावर्दींना सावध करणारे पत्रक काढले: आकडा कोठे अडकवावयाचा एवढेच पाहू नका, ताण आल्यावर तो कोठे जाऊन अडकेल तेही पाहा.

एक वाद मात्र अजून मिटलेला नाही. दोराच्या छातीकडच्या टोकाला, भार असतानाही एका हिसक्याने सुटणारा आकडा असावा काय? उलट्या बोटीखाली सापडलेल्याचा जीव त्याने वाचेल. पण तोच आकडा भलत्या वेळी चुकून सुटला तर? काही जण तसा आकडा पसंत करतात. काही जण दोर पट्ट्यात कायमचा शिवून घेतात, आणि छातीशी, दोन्ही हातांना सापडेल अशी, एक बोथट टोकाची सुरी दोरीने बांधून ठेवतात.